तिसऱ्या अपत्याचा हप्ता

पिवळ्या अथवा केशरी शिधापत्रिकेवर ज्यांची नावे आहेत अशा कुटुंबांत १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५ हजार, पहिलीत जाताना ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि वयाची १८ वर्षे पुरी झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये देण्याची जी तजवीज महाराष्ट्र शासनाने 'लेक लाडकी' या नावाने केली आहे, तिच्याविषयी कोणाही सहृदय नागरिकाला समाधानच वाटेल. परंतु त्याच शासन निर्णयातील अटींचा मजकूर वाचू लागले म्हणजे असे आढळते की, हा लाभ एका किंवा दोन मुलींपुरता मर्यादित असून, पहिल्या अपत्याचा तिसरा हप्ता आणि दुसऱ्या अपत्याचा दुसरा हप्ता मागताना आईने किंवा बापाने कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतल्याचा दाखला अर्जासोबत जोडणे बंधनकारक आहे. सहावीच्या वर्गात बसलेल्या, अकरा-बारा वर्षांच्या मुलीचे ७ हजार रुपये अशा रीतीने तिच्या आईबापांच्या शस्त्रक्रियेवर अवलंबून ठेवण्यात आले आहेत.

केंद्राच्या मातृवंदना योजनेची रचनाही याच विचाराने झालेली आहे. १ जानेवारी २०१७ पासून अमलात आलेली ही योजना आरंभी केवळ पहिल्या हयात अपत्यासाठी ५ हजार रुपये देत असे. एप्रिल २०२२ पासून तीत सुधारणा होऊन दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६ हजार रुपये मिळू लागले. दुसरे अपत्य मुलगा असेल तर काही नाही, आणि तिसऱ्या खेपेस, मुलगा होवो वा मुलगी, मातेच्या नावाची नोंदच घेतली जात नाही. वस्तुतः ज्या कायद्याच्या आधारावर ही योजना उभी आहे, त्या २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६ हजार रुपयांचा हक्क दिला असून, सरकारी नोकरीतील व अन्य कायद्यांखाली तसाच लाभ घेणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. अपत्यसंख्येची अट त्या कलमात नाही. योजना आखण्याची मुभा केंद्राला आहे हे खरे. पण संसदेने जो हक्क सर्वांना दिला, तो योजनेच्या वाटेने काहींपुरता उरावा, ही बाब लोकशाहीत सहजासहजी पचनी पडण्यासारखी नाही.

या अटींचा उगम दुष्ट हेतूत नाही, हे मात्र प्रथमच मान्य केले पाहिजे. १९५२ साली ज्या पिढीने देशाचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आरंभिला, तिच्यासमोर अन्नधान्याची टंचाई होती, रोगराई होती आणि अपुऱ्या शाळा-दवाखान्यांकडे लागलेल्या कोट्यवधी डोळ्यांची जाणीव होती. महाराष्ट्रात तर त्याच्याही तीन दशके आधी, १९२१ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि पुढे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवताना लोकनिंदा, खटले आणि आर्थिक ओढगस्त ही सर्व आमरण सोसली. लहान कुटुंबाचा पुरस्कार करणारी ही परंपरा आपल्या अभिमानाचा विषय आहे, आणि या लेखात तिच्याविरुद्ध एक अक्षरही लिहावयाचे नाही. परंतु कर्वे यांनी स्त्रीच्या हाती ज्ञान दिले, साधन दिले आणि निर्णय तिच्यावर सोपवला; तिसऱ्या मुलाच्या तोंडचा घास काढून घेऊन आईला वळण लावावे, असे त्यांच्या कार्यात कोठेही बसत नाही.

शिवाय ज्या भयातून या अटी जन्मल्या ते भयच आता मागे पडले आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण प्रजननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आढळला. लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहावयाची तर तो सुमारे २.१ असावा लागतो. मराठी कुटुंब स्वेच्छेने लहान झाले आहे. ते मुलींच्या शिक्षणामुळे, उशिरा होणाऱ्या विवाहांमुळे आणि बालमृत्यू घटल्यामुळे झाले. पाच-सात हजारांच्या अनुदानाच्या आशेने कोणी तिसरे मूल जन्मास घालील, किंवा ते न मिळण्याच्या धाकाने कोणी थांबेल, ही कल्पना गरिबाच्या संसाराचा जमाखर्च ज्याने एकदा तरी जवळून पाहिला आहे त्याला पटणारी नाही. पहिल्या दोन वर्षांतील दूध, औषध आणि आईची बुडालेली मजुरी एवढ्यानेच ती रक्कम कितीतरी पटींनी संपून जाते.

शासनाचा स्वतःचा व्यवहार या बाबतीत कसा दुहेरी आहे, हे पाहावयाचे तर गावच्या अंगणवाडीत एक सकाळ बसावे. वजनाच्या काट्याला टांगलेल्या झोळीत मूल हातपाय झाडीत असते, आईच्या हातात घडी पडून मऊ झालेले माता-बाल संरक्षण कार्ड असते आणि ती दबक्या आवाजात विचारते, "ताई, माझं नाव या टायमाला लागंल का?" सेविका म्हणते, "पहिलीच्या वेळी घेतलंस ना गं. आता मुलगा झालाय, ऑनलाइन घेतच नाही." एवढे बोलून तीच सेविका उठते, बाळाचे वजन रजिस्टरात टिपते, लसीची तारीख सांगते आणि त्याच आईच्या हाती घरपोच आहाराची पाकिटे ठेवते. आहार देताना हे बाळ कितवे, हे कोणी विचारत नाही. पुढे ते शाळेत जाईल तेव्हा माध्यान्ह भोजनाची खिचडी वाढतानाही कोणी विचारणार नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य मिळते, त्यातही चौथ्या-पाचव्या मुलाचे माप वेगळे काढलेले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकास शाळेचे दार उघडले, तेथेही जन्मक्रमाचा रकाना नाही. म्हणजे धान्य, भोजन, लस आणि शाळा यांच्या बाबतीत शासनाने हे तत्त्व केव्हाच स्वीकारले आहे की, बालकाचा हक्क त्याच्या जन्माबरोबर येतो. रोख रकमेचा प्रश्न आला म्हणजे मात्र हा हक्क जणू आईबापांच्या सद्‌वर्तनाचे बक्षीस ठरतो. जनकल्याणाच्या एकाच दप्तरात दोन परस्परविरोधी तत्त्वे नांदू नयेत, आणि त्यांपैकी एक निवडावयाचे तर खिचडीच्या पातेल्याजवळ जे तत्त्व पाळले जाते तेच न्याय्य आहे.

या न्यायाला शास्त्राचाही आधार आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील बालकांच्या उंचीची तुलना सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील बालकांशी केली. भारतीय बालके अधिक खुजी का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना असे दिसले की पहिल्या अपत्यात ही उणीव नाही. ती दुसऱ्या अपत्यापासून सुरू होते आणि जन्मक्रम वाढेल तशी तीव्र होत जाते, कारण थोरल्या मुलावर, विशेषतः थोरल्या मुलग्यावर, कुटुंबाची माया व मिळकत एकवटते आणि मागून येणाऱ्यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत, हे वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणाने नोंदले आहे. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्यात, नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावात, पालघरच्या जव्हार-मोखाड्यात कुपोषणाने ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडले आहे, तेथे एक मूल गेले म्हणून दुसरे आणि दुसरे अशक्त म्हणून तिसरे, असा मातृत्वाचा क्रम असतो. ज्या बालकाला साहाय्याची निकड सर्वांत अधिक, ज्या मातेचे रक्त लागोपाठच्या बाळंतपणांनी सर्वांत अधिक आटलेले, नेमके त्यांच्यापाशी येऊनच आपली योजना हात आखडता घेते.

आता दाखल्याविषयी. शासन निर्णयात 'माता किंवा पिता' असे शब्द आहेत, आणि कागदावर ते समतेचेच आहेत. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेच्या मेजावर कोण जाते? त्याच सर्वेक्षणानुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के कुटुंबनियोजनासाठी स्वतःच्या शस्त्रक्रियेवर विसंबून आहेत, तर पतीच्या नसबंदीवर विसंबलेल्या अवघ्या ०.३ टक्के. अर्थात मुलीच्या शिक्षणाच्या पैशासाठी जो दाखला लागणार तो आईच्या देहावरील टाक्यांचा दाखला असणार, हे उघड आहे. तांबी बसवून किंवा अन्य उपायांनी जी स्त्री समाधानाने पाळणा लांबवते आहे, तिच्या शहाणपणाला या दाखल्यात जागा नाही. आणि मूल किती व्हावे याचा निर्णय जिच्या हाती घरात क्वचितच असतो, त्याच स्त्रीने त्या निर्णयाचा दंड भरावा, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

रोख रकमेने कुटुंबाचा आकार व मुलींची संख्या एकदमच वळवू पाहणाऱ्या योजनांचे पुढे काय होते, याचे उदाहरण हरियाणाने २००२ मध्ये घालून दिले आहे. त्या राज्याच्या 'देवीरूपक' योजनेत एकाच मुलीवर थांबणाऱ्या दांपत्याला दरमहा ५०० रुपये आणि एकाच मुलावर किंवा दोन मुलींवर थांबणाऱ्यास दरमहा २०० रुपये, वीस वर्षेपर्यंत देण्याचे ठरले होते. एस. अनुकृती यांनी या योजनेचा अभ्यास केला तेव्हा असे आढळले की जन्म काहीसे कमी झाले, पण पहिल्याच अपत्यात मुलग्यांचे प्रमाण वाढले. मर्यादा एकावर आली तेव्हा ते एक मुलगाच असावा, अशी लोकांनी तजवीज केली. ज्या महाराष्ट्रात मागील पाच वर्षांतील जन्मांत हजार मुलग्यांमागे ९१३ मुली असल्याचे २०१९-२१ च्या सर्वेक्षणात दिसले, त्या महाराष्ट्राने मुलींच्या नावाने काढलेल्या योजनेत अपत्यसंख्येची मर्यादा घालताना हरियाणाच्या अनुभवाकडे डोळेझाक करू नये.

कोणी म्हणेल, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस दोन अपत्यांची अट चालते, हरियाणातील तशीच अट सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली जावेद खटल्यात ग्राह्य धरली, मग अनुदानासच हरकत का? त्या अटीविषयीही माझे मन साशंक आहे. तथापि तीत ज्याने कृती केली त्यालाच परिणाम भोगावा लागतो. अनुदानाच्या बाबतीत कृती एकाची आणि भोग दुसऱ्याचा, आणि तो दुसरा अजून पाळण्यात आहे. दोन अपत्यांवर थांबून काटकसरीने संसार केलेल्या करदात्याची तक्रार अधिक विचारार्ह आहे, कारण तिच्यामागे प्रामाणिक कष्ट आहेत. परंतु शेजारच्या तिसऱ्या मुलीला सहावीत ७ हजार मिळाले म्हणून त्याच्या दोन मुलांच्या वाट्यातून काही वजा होत नाही; उलट ती मुलगी शाळा सोडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली, तर तिच्या अज्ञानाची आणि अकाली मातृत्वाची तोशीस पुढे याच समाजाला सोसावी लागते.

ब्रिटनचा अनुभव येथे स्मरण्याजोगा आहे. १९४५ साली तेथे कुटुंबभत्त्याचा कायदा झाला तेव्हा आठवड्याला पाच शिलिंगांचा भत्ता पहिल्या मुलास न देता दुसऱ्यापासून पुढे प्रत्येकास देण्याचे ठरले. एका मुलाचा भार मिळकत पेलू शकते, मुले वाढली की पेलत नाही, हा त्यामागील साधा हिशेब होता. त्याच देशाने एप्रिल २०१७ पासून गरीब कुटुंबांचे साहाय्य नेमके उलट्या टोकाने, पहिल्या दोन मुलांपुरते मर्यादित केले. जन्मप्रमाणावर त्याचा परिणाम अभ्यासकांना अगदी अल्प आढळला, मोठ्या कुटुंबांतील दारिद्र्य मात्र वाढले, आणि अखेर नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात ती मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठवण्याचे जाहीर करावे लागले. आपल्याकडे आंध्र प्रदेशात जी 'अम्मा वोडी' योजना मुले कितीही असली तरी आईमागे वर्षाला एकदाच १५ हजार देत होती, तिच्या जागी २०२५ मध्ये 'तल्लिकि वंदनम्' आली आणि शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे रक्कम देऊ लागली.

खजिन्यावरील भाराचा प्रश्न उरतो, आणि तो टाळण्याचे कारण नाही. प्रजननदर १.७ झालेल्या राज्यात तिसरे अपत्य असलेली घरे आता थोडीच उरली आहेत, त्यामुळे मर्यादा काढल्याने वाढणारा खर्चही आवाक्यातलाच राहील. गरजू कोण हे ठरवण्यासाठी शिधापत्रिकेच्या रंगाची चाळणी योजनेत आधीच आहे. तेवढी पुरेशी आहे. 'लेक लाडकी'च्या शासन निर्णयातून शस्त्रक्रियेच्या दाखल्याची अट व दोन मुलींची मर्यादा वगळण्यास दिल्लीच्या संमतीची गरज नाही. महिला व बालविकास विभागाचे एक शुद्धिपत्रक त्यास पुरे. मातृवंदनेच्या बाबतीत राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा आणि केंद्राचा निर्णय होईपर्यंत दुसऱ्या मुलग्याच्या व तिसऱ्या अपत्याच्या मातेचे ६ हजार स्वतःच्या महसुलातून द्यावे, निदान मेळघाट, नंदुरबार आणि जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी तालुक्यांत तरी येत्या अर्थसंकल्पापासून.