भाषण नको, रेशन द्या

रायपूरच्या पोस्टिंगमुळे उरल्याचा रस्ता आता पाठ झाला आहे. रोलिंग मिल, स्पंज आयर्नच्या भट्ट्या, ट्रकांच्या रांगा आणि बिहार-ओडिशातून आलेले कामगार. अशा वस्तीत एचआयव्हीवर बोलायला कोणी आले की दोन वाक्ये ठरलेली: संयम पाळा, निरोध वापरा. आपले एक निवृत्त सुभेदारसाहेबही परवा फोनवर म्हणाले, "सर, शेवटी प्रश्न चारित्र्याचा आहे."

साहेब, साफ चूक.

जवानाला आपण हाच उपदेश करतो आणि तो बराचसा लागू पडतो, कारण लंगरात त्याची रोटी तयार असते. जिच्या डब्यात पीठ नाही, तिला 'नाही म्हणायला शिका' सांगणे ही थट्टा आहे. आफ्रिकेत हे मोजले गेले आहे. बोट्सवाना आणि स्वाझीलंडमधल्या दोन हजारांवर लोकांची पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली. ज्या स्त्रियांना पुरेसे अन्न मिळत नव्हते, त्यांच्यात पैशासाठी वा वस्तूंसाठी ठेवलेले संबंध आणि निरोधाविना संबंध, दोन्ही जास्त आढळले. केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी मासे विकणाऱ्या बाईला कित्येकदा होडीवाल्याशी संबंध ठेवल्यावरच माल मिळतो. त्या व्यवहाराला तिथे 'जाबोया' असे नावच आहे. चारित्र्य कोणाचे तपासायचे, तिचे की होडीवाल्याचे?

गरिबी म्हणजे एचआयव्ही, असे मात्र नाही. आफ्रिकेतल्या अनेक देशांत खात्यापित्या घरांतही लागण जास्त दिसली होती. खिशात पैसा असलेला फिरता पुरुष आणि घरात दाणा नसलेली बाई यांची गाठ पडते, तिथे धोका आहे. ट्रकांच्या रांगेशेजारी ही गाठ पडणारच नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगावे!

औषधाचेही तेच. सरकारी एआरटी 1 एप्रिल 2004 पासून मोफत आहे, फार मोठे काम झाले. पण गोळ्या लागू पडल्या की भूक खवळते. दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधितांची कुटुंबे अंत्योदय यादीत प्राधान्याने घ्या, असे केंद्राने राज्यांना 2009 मध्येच कळवले. अंत्योदय म्हणजे महिन्याला 35 किलो धान्य. पण ते मागताना रेशन दुकानासमोर रोग जाहीर होणार असेल, तर कोण मागेल? गोपनीयतेचा हक्क देणारा 2017 चा कायदा त्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे. 'एक देश, एक रेशनकार्ड' 2022 मध्ये सगळ्या राज्यांत लागू झाले. गावच्या कार्डावर इथेही धान्य मिळते, हे भाषणात एका वाक्यात सांगता येते. सांगत कोणी नाही.

पुढच्या शिबिरात निरोधाच्या खोक्याशेजारी रेशनचे अर्ज भरून देणारा एक माणूस बसवा. सुभेदारसाहेबांना मी हे काम सुचवले आहे. ते क्लार्क ट्रेडचे, अर्ज उत्तम भरतात.