बेडक्याचा रंग आणि औषधांचा हिशेब

आळेफाट्याच्या उपबाजारात कांद्याची गोणी ओतली की व्यापारी प्रथम रंग पाहतो. रंगावरून मालाची प्रत ठरते आणि प्रतीवरून भाव. परंतु ती गोणी पाठीवर वाहणाऱ्या हमालाच्या, किंवा आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या त्याच्या आईच्या छातीतून पडणाऱ्या बेडक्याचा रंग कोणी पाहत नाही. रोगी तो किळसेने झाकतो, घरचे तोंड फिरवतात आणि घाईतला डॉक्टरही विचारावयाचे विसरतो. या संकोचाची किंमत मोठी आहे.

श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या ‘सीओपीडी’ या विकाराने २०१६ साली भारतात सुमारे साडेपाच कोटी लोक ग्रासलेले होते. हा केवळ विडी ओढणाऱ्यांचा रोग नव्हे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात चुलीच्या धुराकडे जगाचे लक्ष वेधले होते.

अशा रुग्णाला खोकला नित्याचाच. त्याचा बेडका एरवी पांढरट वा पारदर्शक असतो. तो पिवळा वा हिरवा होऊ लागला, तर श्वासनलिकांत पांढऱ्या पेशींची गर्दी झाली असे समजावे. हिरवी छटा त्या पेशींतील एका द्रव्यामुळेच येते. तांबूस-तपकिरी रंग जुने रक्त किंवा न्यूमोनिया सुचवितो. लाल रक्त दिसल्यास क्षय वा कर्करोग नाही ना, याची तपासणी अटळ ठरते. गुलाबी, फेसाळ बेडका व धाप ही तर हृदय थकल्याची खूण असू शकते. तेथे तासाचाही विलंब परवडत नाही.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. ब्रिटनमधील डॉ. रॉबर्ट स्टॉकले व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दम वाढलेल्या १२१ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. हिरवट बेडक्यात जंतू पुष्कळ वेळा सापडले. बेडका पांढरा राहिलेले बहुतेक रुग्ण मात्र प्रतिजैविकांवाचूनच बरे झाले. म्हणजे रंग हे फुकटचे मोजमाप आहे. ते न वापरता दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या घेणारा मजूर रोजगाराचा पैसा घालवतो, आणि जंतूंना औषध पचवावयास शिकवून शेजाऱ्याच्या औषधाचीही ताकद कमी करतो. उलट, हिरवा बेडका पंधरा दिवस अंगावर काढणारा रोगी अखेरीस इस्पितळाच्या खाटेवर पोहोचतो. एकाची उधळपट्टी आणि दुसऱ्याची खोटी काटकसर, दोन्ही अज्ञानातून येतात.

रंग म्हणजे निदान नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. विषाणूंमुळेही बेडका पिवळा होतो. म्हणूनच वैद्यक रंगासोबत धाप वाढली काय आणि बेडक्याचे प्रमाण वाढले काय, हेही विचारते. महत्त्व एखाद्या रंगापेक्षा नेहमीच्या रंगात पडलेल्या फरकाला आहे. आणि रंग कोणताही असो, दोन आठवड्यांवरचा खोकला असल्यास थुंकीची क्षयतपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रात ती विनामूल्य होते.

उपाय खर्चिक नाहीत. रुग्णाने सकाळचा बेडका पांढऱ्या कागदावर पाहावा आणि कागद जाळून टाकावा. घरभेटीस येणाऱ्या आशा सेविकेने ‘खोकला आहे का?’ यापुढे जाऊन ‘बेडक्याचा रंग बदलला का?’ असे विचारावे. शिक्षकांनी हा विषय वर्गात किळस न मानता काढावा. पत्रक वाचता न येणाऱ्या वृद्धेलाही पांढरा व हिरवा हा भेद कळतो. तिचे उत्तर ऐकून घेण्याची तयारी मात्र घरच्यांची व दवाखान्याची हवी.