गेट उघडं ठेवायचा ठराव

२६ जुलै २००५, मंगळवार. कुलाब्याला चोवीस तासांत जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि सांताक्रूझला ९४४. त्यामुळे फोर्ट-चर्चगेटच्या ऑफिसांतून घरी निघालेल्यांना पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पनाच नव्हती. लोकल जागच्या जागी थांबल्या, मोबाइल लागेनासे झाले, उपनगरांत अंधार पसरला आणि माणसं रुळांवरून, हायवेवरून चालत सुटली. एकट्या मुंबईत त्या पुराने चारशेहून अधिक जीव घेतले.

त्या रात्रीच्या आठवणी मुंबईकर आजही सांगतात, त्यात अनोळखी माणसं हटकून येतात. कंबरभर पाण्यात उघड्या गटाराशी बांबू घेऊन उभी राहिलेली पोरं. रस्त्याच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत धरलेला दोर. पातेलंभर चहा आणि पार्ले-जीचे पुडे घेऊन कोपऱ्यावर थांबलेल्या बायका. कुणाचा लँडलाइन चालू असेल तर त्याच्या दाराशी रांग, आणि पलीकडच्या माणसाला एकच वाक्य, ‘मी बरी आहे, सकाळी येते.’ तासन्‌तास पाण्यातून चाललेल्या बाईला चहाच्याही आधी हवा असतो संडास. ज्या घरांनी काही न विचारता तो दाखवला, त्यांनी केलेली मदत कुठल्याही अहवालात सापडणार नाही.

यातली बरीच दारं चाळींची, बैठ्या वस्त्यांची, रस्त्याला लागून असलेल्या जुन्या इमारतींची होती. तिथली माणसं मनाने अधिक चांगली असतात, असा याचा अर्थ नव्हे. त्यांचं दार रस्त्यावर उघडत होतं, एवढंच. भिजलेला माणूस त्यांना दिसत होता आणि त्याला आत घ्यायला कुणाची परवानगी काढावी लागत नव्हती. मदतीची इच्छा माणसाच्या अंगी असते, पण तिला वाटही लागते. ही वाट आपण स्वतःच्या हातांनी बुजवत चाललो आहोत, आणि अनोळखी माणसाशी चांगुलपणाने वागण्याबद्दल बोलताना याच गोष्टीचा विसर पडतो.

आजच्या टॉवरचं तळमजल्याचं चित्र पाहा. कंपाउंडची भिंत, गेट, गेटवर सुरक्षारक्षक, त्याच्या हातात मोबाइलवरचं अ‍ॅप. ज्याचं नाव कुठल्याही फ्लॅटशी जोडलेलं नाही, त्याला आत सोडायचं नाही, हीच त्या रक्षकाची नोकरी. सव्विसाव्या मजल्यावरच्या बाईंना खालच्या पाण्यात अडकलेली माणसं दिसतच नाहीत. दिसली आणि बोलवावंसं वाटलं, तरी रक्षकाने कुणाचं ऐकायचं? स्वतःच्या जबाबदारीवर गेट उघडलं तर उद्या त्याची नोकरी जाऊ शकते. गेटबाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र एवढंच कळतं की इथे आपल्याला जागा नाही.

२०१७ साली २९ ऑगस्टला मुंबई पुन्हा तुंबली, तेव्हा हा बदल जाणवला. गणपतीचे दिवस होते, त्यामुळे रस्त्यावरचे मंडप आयतेच उभे होते. गुरुद्वारे उघडे होते. बाकी ज्यांना मदत करायची होती, त्यांनी समाजमाध्यमांवर पत्ते टाकले, ‘आमचं घर उघडं आहे, या.’ दार उघडं असल्याचं आता जाहीर करावं लागत होतं. त्यांनी ते केलं, ही त्यांची थोरवी. पण फोनची बॅटरी संपलेल्या माणसापर्यंत तो पत्ता पोचणार कसा?

आधीपासून रुळलेली सवय काय करू शकते, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या करंजीला दिसलं. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या या गावी बाबा करनैलसिंग खैरा यांचा लंगर टाळेबंदीच्या कितीतरी आधीपासून चालू होता. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं, ढाबेही बंद झाले, आणि त्याच रस्त्याने मजुरांची कुटुंबं पायी आणि ट्रकमधून आपापल्या गावी निघाली. लंगरात चूल होती, भांडी होती, वाढणारे हात होते. ऐंशी ओलांडलेले बाबा आणि त्यांचे सोबती यांनी लाखो लोकांना जेवू घातलं. डाळ-भात तर होताच, अंघोळीला पाणी आणि साबणही होता. कित्येक दिवस चालत आलेल्या माणसाला त्या साबणाचं काय वाटलं असेल!

त्याच वर्षी ऑगस्टच्या पावसात माटुंग्याच्या तुळशी पाइप रोडवर पदपथावर राहणाऱ्या एका फूलविक्रेत्या बाईंनी पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मॅनहोलचं झाकण काढलं. झाकण काढून त्या निघून गेल्या नाहीत. कुणी त्यात पडू नये म्हणून भर पावसात कित्येक तास त्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि हाताने खुणा करून गाड्यांना बाजूने जायला सांगत राहिल्या. त्याच पाण्यात त्यांचं स्वतःचं किडूकमिडूक वाहून गेलं. तीनच वर्षांपूर्वी, २०१७ च्या पुरात, शहरातले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले होते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या उभं राहण्याचं मोल कळतं.

‘अशा कौतुकाने पालिकेचं फावतं,’ हा आक्षेप खरा आहे. मॅनहोलवर जाळी बसवणं हे पालिकेचंच काम, आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. पण पाणी भरलेलं असताना, त्या चार-पाच तासांत, जाब विचारून बुडणारा वाचत नाही.

सुरक्षेची भीतीही खोटी नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी अनोळखी माणसाला घरात घ्यावं, असं कुणी सांगू नये आणि तशी गरजही नाही. लॉबी आहे, सोसायटीचं ऑफिस आहे, ड्रायव्हर-कामगारांसाठी खाली बांधलेला संडास आहे, चार्जिंगला पॉइंट आहे. कायद्याची धास्ती असेल, तर रस्ते अपघातांपुरती ती संसदेने दूर केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४-अ जखमीला सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. पुराच्या रात्री गेट उघडायला तर कुठला कायदा आड येत नाही. आड येते ती सोसायटीची स्वतःची सूचना, आणि ती बदलणं सोसायटीच्याच हातात आहे.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. लोकल बंद पडल्या किंवा रस्त्यावर गुडघाभर पाणी चढलं, की गेट उघडायचं, लॉबीत लोकांना बसू द्यायचं, खालचा संडास वापरू द्यायचा, पिण्याचं पाणी ठेवायचं, आणि यासाठी रक्षकाला कुणालाही फोन करावा लागू नये, असा लेखी ठराव सोसायटीने करावा. वार्षिक सर्वसाधारण सभा बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात होते, तोवर पावसाळा सरत आलेला असतो. व्यवस्थापन समितीने हा विषय मे महिन्यातल्या बैठकीत घ्यावा आणि ठरावाची प्रत रक्षकाच्या केबिनमध्ये, त्याला वाचता येईल अशा भाषेत लावावी.