तक्रारीच्या अलीकडचा स्पर्श

कार्यालयात कोणी नको असताना अंगाला हात लावला, तर दाद मागण्याची ठळक जागा आज एकच आहे: लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी नेमलेली अंतर्गत समिती. ज्या प्रश्नासाठी ही समिती अस्तित्वात आली, त्या प्रश्नापुरती तिची गरज वादातीत आहे. परंतु समितीपुढे टिकू शकणाऱ्या वर्तनाच्या अलीकडे एक बराच रुंद पट्टा आहे. पाठीवर पडून तिथेच रेंगाळणारी थाप, बोलताना धरून ठेवलेला दंड, संगणकाच्या पडद्याकडे वाकताना खुर्चीतल्या व्यक्तीच्या खांद्यावर टेकलेला हात, या सगळ्यांना ना नियम आहे ना संकेत, आणि त्यांविषयी तक्रारीच्या सुराखेरीज बोलण्याची सवयही आपण लावून घेतलेली नाही. ही पोकळी निरुपद्रवी मानणे मला धोक्याचे वाटते, कारण छळ करणाऱ्याला आडोसा मिळतो तो तिथे, आणि छळाविरुद्धच्या कायद्यावर धुमसणारा रोषही तिथेच पोसला जातो.

कार्यालयातल्या स्पर्शाला दिशा असते. सत्तेच्या उतरंडीत वरचा माणूस खालच्याला जितक्या सहजपणे हात लावतो तितक्या सहजपणे खालचा वरच्याला लावू शकत नाही, म्हणून स्पर्श हा आपुलकीइतकाच अधिकाराचाही निदर्शक असतो, अशी मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॅन्सी हेन्ली यांनी १९७० च्या दशकात केली. नंतरच्या संशोधकांनी तिला बऱ्याच अटी जोडल्या. स्पर्श किती वेळा होतो यापेक्षा तो कोणत्या प्रकारचा असतो, हे अधिक महत्त्वाचे ठरू लागले. तरीही मूळ निरीक्षण पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. विभागप्रमुख कनिष्ठ लिपिकाच्या खांद्यावर हात ठेवून ‘काय, झालं का काम?’ असे विचारतात तेव्हा कोणी मान वर करून पाहत नाही. लिपिकाने हेच विभागप्रमुखांच्या बाबतीत केले, तर सगळा विभाग हातातले काम थांबवील. जो स्पर्श उलट दिशेने होणे अशक्य आहे, तो निव्वळ स्नेहापोटी होतो हा दावा त्यामुळे तपासूनच घ्यायला हवा.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, आपण दाटीवाटीत वाढलेली माणसे, आपल्याला पाश्चात्त्यांची अंतरे कशी लागू पडणार? आक्षेपात तथ्य आहे. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली जवळिकीची मर्यादा साधारण १८ इंच अशी नोंदवली ती मुख्यतः अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय लोकांवरून, आणि ती जगभर चालेल असे त्याचेही म्हणणे नव्हते. मात्र विरार लोकलचा दाखला देऊन कार्यालयातल्या खांद्यावरच्या हाताचे समर्थन होत नाही. गर्दीतला स्पर्श दोघांपैकी कोणीच निवडलेला नसतो. कार्यालयातला हात एकाने निवडलेला असतो आणि दुसऱ्याने सोसायचा असतो. (आणि लोकलमध्येही गर्दीचा धक्का कोणता व मुद्दाम दिलेला कोणता, हे ज्याला लागतो त्याला बहुधा अचूक कळते.) तेव्हा अंतर किती, या प्रश्नापेक्षा नकार देण्याची किंमत किती, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

ही किंमत लक्षात घेतली की पुढची साखळी उलगडते. सरकारी कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल, कंत्राटी कर्मचाऱ्याचे नूतनीकरण, कारखान्यातल्या मुलीची कामाची पाळी, प्रशिक्षणार्थीचे शिफारसपत्र, यांतले काही ना काही हात लावणाऱ्याच्या हाती असते, किंवा असावे असे समोरच्याला वाटते. परिणामाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. अशा वेळी नाराजी उघड बोलून दाखवली जात नाही. ती अर्धे पाऊल मागे सरकण्यातून, फाइल छातीशी धरण्यातून, आणि पुष्कळदा कसनुशा हसण्यातून व्यक्त होते. हे हसू म्हणजे संमती, असे वाचणे वरच्या माणसाला सोयीचे असते. त्याला अन्य काही वाचावेच लागू नये अशी व्यवस्था भोवतालचे सगळे मिळून करतात, कारण शेजारच्या टेबलावरचे लोकही तोच हिशेब करत असतात.

यातून जे घडते ते अन्यायाइतकेच माहितीच्या नाशाचेही आहे. ज्याला आपल्या वागण्याची प्रतिक्रिया कधीच कळत नाही, त्याची चूक दुरुस्त होत नाही. तो पंधरा-वीस वर्षे खरोखरच स्वतःला दिलखुलास, घरगुती स्वभावाचा वरिष्ठ समजत राहू शकतो. त्याच काळात त्याच मजल्यावर दुसरा एक वरिष्ठ अगदी तसाच हात ठेवून कोण मागे सरकते, कोण गप्प राहते आणि कोणाच्या पाठीशी कोणी नाही, याची चाचपणी करत असू शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला या दोघांत फरक करता येत नाही. पहिल्याच्या अजाणतेपणाला आपण जितकी सवलत देतो तितकी ती दुसऱ्यालाही आपोआप मिळते, आणि प्रकरण अंगाशी आले की दुसरा पहिल्याचीच शब्दकळा वापरतो: मी सगळ्यांशीच असा वागतो, मला ती मुलीसारखी आहे. हा बचाव खोटा ठरवणे अवघड जाते ते याच कारणाने, की काही जणांच्या बाबतीत तो खरा असतो.

कायद्याने या गुंत्याशी कसा सामना केला ते पाहणे उद्‌बोधक आहे. १८ जुलै १९८८ रोजी चंदीगडमध्ये एका मेजवानीत पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी रूपन देओल बजाज यांच्याशी शारीरिक गैरवर्तन केले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये तो गुन्हाच रद्द केला, आणि त्यासाठी घेतलेल्या आधारांत तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम ९५ होते. सामान्य समजुतीचा माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतका क्षुल्लक अपाय हा गुन्हा नव्हे, असे ते कलम सांगत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हा निर्णय फिरवला, खटला चालला, आणि दोषसिद्धी २००५ मध्ये अखेर कायम झाली. दोन वरिष्ठ अधिकारी, इतर पाहुण्यांच्या देखत घडलेला प्रसंग आणि दाद मागण्याची पूर्ण ताकद असलेली तक्रारदार, एवढे असूनही सतरा वर्षे लागली. कनिष्ठ लिपिकेच्या बाबतीत काय झाले असते याचा तर्क वाचकाने करावा.

१९८८ च्याच ऑगस्टमधले दिल्लीचे प्रकरण याच्या उलट बाजूचे आहे. अपॅरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलच्या अध्यक्षांच्या खाजगी सचिवाने टंकलेखिकेशी लगट करण्याचा प्रयत्न केला म्हणून त्याला बडतर्फ करण्यात आले. प्रत्यक्ष स्पर्श झालाच नाही, प्रयत्न तेवढा झाला, या कारणाने दिल्ली उच्च न्यायालयाने ती बडतर्फी टिकू दिली नाही. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की छळासाठी प्रत्यक्ष शारीरिक संपर्क आवश्यक नाही. एकीकडे स्पर्श झाला पण तो किरकोळ, दुसरीकडे हेतू दिसला पण स्पर्श नाही, अशा दोन्ही टोकांनी पळवाट शोधली गेली आणि दोन्ही वाटा बंद करायला सर्वोच्च न्यायालय लागले. दरम्यान, राजस्थानातील भंवरीदेवी यांच्यावरील सामूहिक बलात्काराच्या प्रकरणानंतर दाखल झालेल्या याचिकेतून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा १९९७ चा विशाखा निकाल आला आणि त्यातून पुढे याच विषयावरचा २०१३ चा अधिनियम.

या अधिनियमात छळाच्या व्याख्येतील पहिलीच बाब शारीरिक संपर्क ही आहे. तथापि व्याख्येचा कणा दोन विशेषणांवर उभा आहे: वर्तन नकोसे हवे आणि ते लैंगिक स्वरूपाचे हवे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, प्रयोगशाळेतल्या वादावादीत सहकाऱ्याने हाताला धरून बाहेर ढकलल्याच्या तक्रारीवर निर्णय देताना, प्रत्येक नकोसा शारीरिक संपर्क हा लैंगिक छळ ठरत नाही असे म्हटले. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी जानेवारी २०२५ मध्ये, एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीतील प्रकरणात, करणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा ते वर्तन समोरच्या स्त्रीला कसे पोचले याला महत्त्व दिले. दोन्ही निर्णयांचे तर्क आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत, आणि माझ्या मते त्यांच्यातला ताण न्यायालयांना पूर्णपणे सोडवता येणारही नाही. कायद्याला रेषा ओढावीच लागते, आणि रेषा लैंगिकतेची ठरली की तिच्या अलीकडचा नकोसा स्पर्श कोणाच्याच अखत्यारीत उरत नाही. दिल्लीच्या प्रकरणातील स्त्रीला एका सहकाऱ्याने हाताला धरून ढकलले असेल, तर ते लैंगिक नव्हते म्हणून क्षम्य होत नाही. तो शिस्तभंगाचा विषय आहे. पण आपल्या आस्थापनांचे सेवानियम अंगावर हात टाकण्याची दखल घेतात ती मुख्यतः मारहाण झाली तर.

याच्या एका परिणामाविषयी फारसे बोलले जात नाही. ज्या व्यवस्थेत एकच दार आहे, तिथे प्रत्येक गाऱ्हाण्याला त्या दाराच्या मापाचे व्हावे लागते. ज्या स्त्रीला एवढेच हवे असते की साहेबांनी बोलताना हात लावू नये, तिच्यापुढे दोन पर्याय उरतात: गप्प राहणे, किंवा आपल्या अनुभवाला लैंगिक छळ म्हणून नोंदवणे. दुसरा पर्याय निवडला तर लेखी तक्रार, साक्षी, ९० दिवसांची चौकशी आणि त्या माणसाच्या नोकरीवर येऊ शकणारे गंडांतर, हे सगळे सुरू होते, जे तिला मुळात नको असते. समितीला लैंगिक हेतू आढळला नाही की तक्रार ‘सिद्ध झाली नाही’ असा शेरा पडतो आणि कार्यालयात त्याचा अर्थ ‘खोटी होती’ असा लावला जातो. वास्तविक केवळ सिद्ध करता आले नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होऊ शकत नाही, असे अधिनियमाच्या कलम १४ मध्ये नमूद आहे, पण कलमे जेवणाच्या सुट्टीत वाचली जात नाहीत. पुढची स्त्री हे पाहून गप्प राहते. तक्रारीला शेवटच्या घटनेपासून ३ महिने आणि सबळ कारण असल्यास आणखी ३ महिने, अशी मुदत असल्याने हे गप्प राहणे कालांतराने कायद्याच्याही बाहेर जाते.

दुसरा परिणाम पुरुष वरिष्ठांवर होतो. खालून कधीच सौम्य सूचना आलेली नसल्याने त्यांना पहिला इशारा मिळतो तो थेट कोणाच्या तरी चौकशीच्या बातमीतून. त्यांतले बरेच जण मग वर्तनाची मर्यादा शिकण्याऐवजी स्त्री सहकाऱ्यांचा संपर्कच कमी करतात: दौऱ्यावर मुलगी नको, उशिरापर्यंतच्या कामाला नको, केबिनमध्ये एकटीला बोलवायचे नाही. वरवर ही सावधगिरी वाटते. प्रत्यक्षात नोकरीतली बढती ज्या अनौपचारिक शिकवणीवर, ओळखींवर आणि जोखमीच्या कामांवर अवलंबून असते त्या सगळ्यांतून स्त्री वगळली जाते, आणि तेही ज्याविरुद्ध कोणतीच समिती दाद देऊ शकत नाही अशा रीतीने. म्हणजे स्पर्शाची किंमत जिने आधी मोजली, स्पर्श टाळण्याचीही तीच मोजते. या वगळण्याला कायद्याचा अतिरेक कारणीभूत आहे असे सांगितले जाईल, आता सांगितले जातही आहे. माझे निदान वेगळे आहे: कायद्याच्या अलीकडे जे साध्या बोलण्याने सुटायला हवे होते, त्याचा भार कायद्यावर पडला आहे.

आश्चर्य असे की जिथे स्पर्श हाच कामाचा भाग आहे तिथे ही रीत पुष्कळशी बसलेली दिसते. परिचारिका रुग्णाला हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगते; पुरुष डॉक्टर स्त्रीरुग्णाची तपासणी करताना परिचारिका हजर ठेवण्याचा प्रघात आहे; भौतिकोपचार करणारा दाब देण्याआधी विचारतो. चित्रपटांच्या जवळिकीच्या प्रसंगांत कोणाचा हात कुठवर जाईल हे आधी ठरवून देणारी व्यक्ती नेमण्याची पद्धत आता हिंदी चित्रसृष्टीतही आली आहे. या क्षेत्रांत गैरप्रकार होत नाहीत असे नाही. पण तिथे स्पर्शाला कारण द्यावे लागते, आणि ‘थांबा’ म्हणणे हा अपमान मानला जात नाही. जिथे स्पर्शाची कामापुरतीही गरज नाही त्या कार्यालयांतच तो विनाकारण, विनापरवाना आणि म्हणून विनाहरकत चालतो. तिथे एखाद्याने ‘सर, हात नको’ असे म्हटले की वाक्यातल्या विनंतीऐवजी आरोप ऐकू येतो.

पुरुष कनिष्ठांचा प्रश्न यातच येतो. कारखान्यातल्या शिकाऊ मुलाच्या डोक्यात टपली मारणे, कॉलर धरून ओढणे, गाल ओढणे याला थट्टा म्हणतात. २०१३ चा अधिनियम फक्त स्त्रियांना संरक्षण देतो, आणि या वर्तनातले बरेचसे लैंगिक नसतेही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेला करार क्रमांक १९० कामाच्या जगातील हिंसा व छळ अशी व्यापक, लिंगनिरपेक्ष चौकट देतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. १० पेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांचे, घरकामगारांचे आणि ऊसतोड मजुरांचे गाऱ्हाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे अशी तरतूद आहे खरी. परंतु गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणातून उद्भवलेल्या अपिलात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींची दखल घ्यावी लागली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकारी नेमण्याविषयी नव्याने निर्देश द्यावे लागले. ज्यांना समितीच माहीत नाही त्यांच्या बाबतीत समितीच्या अलीकडच्या पट्ट्याची चर्चा काहीशी चैनीची वाटेल, हे मला मान्य आहे.

नजीकच्या काळात काय घडेल? अधिनियमानुसार तक्रारींची संख्या वार्षिक अहवालात द्यावी लागते, आणि अनेक आस्थापना तिथला शून्य हा आपल्या स्वच्छतेचा दाखला म्हणून मिरवतात. दबाव जसा वाढेल तशी हा शून्य राखण्याची प्रेरणा वाढेल: प्रशिक्षणाची चित्रफीत वर्षातून एकदा दाखवली जाईल, सह्या घेतल्या जातील, आणि कोणी काही सांगू लागलेच तर ‘लेखी देणार का?’ हा प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारला जाईल. खऱ्या शून्यात आणि भीतीच्या शून्यात फरक करायचा, तर लेखी न देता बोलता येण्याची, त्या बोलण्याची नोंद राहण्याची, आणि एकाच माणसाविषयी तीन जणी वेगवेगळ्या वेळी तेच बोलल्या तर ते कोणाच्या तरी लक्षात येण्याची सोय हवी. अशी सोय करणाऱ्या आस्थापनेच्या अहवालातला आकडा पहिली काही वर्षे वाढेल, शेजारच्या कंपनीपेक्षा ती वाईट दिसेल, आणि संचालक मंडळाला त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागेल. ते द्यायची तयारी आज किती मंडळांची आहे, याविषयी मला शंका आहे.