चार वाद्यांची बैठक

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा विषय निघाला की जळगाव-धुळ्याकडचा रसिक सहसा हात आखडता घेतो. ते मुंबईच्या मोठ्या सभागृहांचे संगीत, आपले नव्हे, अशी एक समजूत रुजली आहे. शंभर वादकांच्या वाद्यवृंदाबाबत ती एक वेळ मान्य करता येईल. स्ट्रिंग क्वार्टेटबाबत मात्र ती टिकत नाही, असे आम्हांला वाटते.

दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. एवढाच हा संसार. संचालक नाही, ध्वनिवर्धकाची गरज नाही. हायडनने (१७३२–१८०९) हा प्रकार नावारूपाला आणला तो मूलतः दिवाणखान्यातल्या मोजक्या श्रोत्यांसाठी. सुरावट एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाते, तिसरे तिला छेद देते, चौथे तळाशी राहून सारा तोल सांभाळते. आणि पुढच्याच क्षणी या भूमिका बदलतात. मोजक्या जाणत्यांसमोर, हाताच्या अंतरावरून ऐकायचे हे संगीत म्हणजे आपल्या बैठकीचेच भावंड होय.

व्हायोलिनचे परकेपण तर केव्हाच संपले आहे. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी ते आपल्या रागसंगीतात मुरवले. स्वरसंवादाची सवय आपल्या कानांना नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु सवय ऐकण्यानेच लागते.

खान्देशाला या विषयात खास आस्था असायला हवी. बालगंधर्वांनी लहानपणी जळगावातच मेहबूबखाँकडे गाण्याचे धडे घेतले. पुढे त्यांच्या गाण्याला थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी लाभली. एवढे थोर वादक, तरीही आपल्या लेखी ते ‘साथीदार’च राहिले. जळगावात आज बालगंधर्वांच्या नावाने खुले नाट्यगृह आहे, संगीत महोत्सवही भरतो. त्याचे मोल आम्ही जाणतो. पण मोठा मंच एका कलावंताला उंचावतो. वाद्यावाद्यांतला बरोबरीचा संवाद ऐकायला लहान खोलीच लागते.

दुसरा मुद्दा नवनिर्मितीचा. बेला बार्टोकने हंगेरी आणि आसपासच्या खेड्यांत हिंडून शेतकऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांचे स्वरलेखन केले. त्या गाण्यांची लय आणि ठेवण त्याच्या सहा क्वार्टेटांत (१९०८–१९३९) झिरपली आहे. आमच्या धुळ्याने राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात कागद जिवापाड जपले. लोकगीतांच्या संग्रहांतूनही आपण शब्द जपतो. चाल मात्र बहुधा छापलीच जात नाही. कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, वहीगायन यांचे स्वर लिहून ठेवले नाहीत, तर उद्याच्या रचनाकाराच्या हाती केवळ शब्दांचे टरफल उरेल.

म्हणून आमची मागणी अगदी माफक आहे. एखाद्या वाचनालयाचा वा शाळेचा दिवाणखान्याएवढा कक्ष, पन्नास खुर्च्या आणि चार वादक. पूर्वार्धात हायडन किंवा बेथोव्हन, उत्तरार्धात आजच्या रचनाकाराचे काही. आणि कधीतरी अहिराणी चालीवर बांधलेली नवी रचना. ध्वनिवर्धक मात्र दाराबाहेरच ठेवावा. ज्या गावाला चौघांचे बोलणे शांतपणे ऐकता येते, त्या गावात साथीदारालाही एक दिवस त्याचे नाव मिळेल.