पाऊस, आजी आणि वाकडी खोली

पावसाळा लागला की आमच्या जबलपूरकरांची एक पंचाईत होते. पाहुणे येतात आणि त्यांना दाखवायला काहीच उरत नाही. भेडाघाटच्या नावा बंद असतात. नर्मदेला पूर आला की धुआंधार धबधबासुद्धा पाण्याखाली जातो. मग उरतो मदनमहालचा बॅलन्सिंग रॉक. एका दगडावर दुसरा अवाढव्य दगड, आणि टेकलेला भाग अगदी एवढासा. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातली कितीतरी घरं पडली, पण हा दगड जागचा हलला नाही.

आमच्या जुन्या अल्बममध्ये त्या दगडाचा एक फोटो आहे. त्यात माझी आजी नऊवारीत उभी आहे आणि अख्खा दगड तिने तळहातावर उचलून धरलाय! लहानपणी मला वाटायचं, आजी खरंच एवढी ताकदवान असेल. मोठी झाल्यावर युक्ती कळली. आजी दगडापासून बरीच पुढे उभी होती, आणि आजोबांनी खाली बसून, बरोबर कोन साधून फोटो काढला होता.

असा फोटो तुमच्याकडेही असेल. कुणी ताजमहालाचा कळस चिमटीत धरलेला असतो, कुणी मावळता सूर्य ओंजळीत घेतलेला असतो. हे सगळं जमतं, कारण कॅमेऱ्याला डोळा एकच असतो. जवळचं काय आणि लांबचं काय, हे त्याला नीट कळत नाही.

ही गोष्ट मला नुसती माहीत होती. समजली मात्र या पावसाळ्यात, दिल्लीत. आणि ती समजावून दिली आजीनेच.

दिल्लीला का गेलो होतो

आजीला काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची नजर हळूहळू गेली. ती काही बोलली नाही आणि आम्हालाही कळलं नाही. जबलपूरच्या डॉक्टरांनी निदान केलं होतं, पण दादा नोएडाला असतो, तो म्हणाला, "एकदा इथे दाखवून घेऊ." म्हणून मी आणि आजी महाकोशल एक्स्प्रेसने निघालो. सोबत दादासाठी खव्याची जिलबी.

दिल्लीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही. उजवा डोळा सांभाळायचा. थेंब रोज वेळेवर, एकही दिवस चुकवायचा नाही.

आजीने मान डोलावली. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे आता हे असंच."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस. परतीची गाडी आणखी एका दिवसाने. दादाच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण : दादा, वहिनी, पाच वर्षांचा भाचा, आजी आणि मी. आजीने चहा गाळायला घेतला आणि निम्मा ओट्यावर सांडला. मी पटकन बोलून गेले, "आजी, लक्ष कुठे असतं गं तुझं?"

हे वाक्य मी वर्षभरात किती वेळा बोलले असेन, आता आठवूनही नको वाटतं. चहा सांडला की हेच. पायरीवर पाऊल चुकलं की हेच. सुईत दोरा जात नाही म्हणून ती चिडली, तरी हेच.

आजी काही बोलली नाही. फडकं घेऊन ओटा पुसत राहिली.

वहिनीने विषय बदलला. "चला, कुठेतरी आत बसून बघता येईल असं बघूया. मुलगाही कंटाळलाय." असं करत आम्ही मेट्रोने राजीव चौकला उतरलो आणि कनॉट प्लेसच्या म्युझियम ऑफ इल्युजन्समध्ये जाऊन पोचलो.

नाव म्युझियम, पण सगळं उलटं

म्युझियम म्हटलं की आपल्याला काचेची कपाटं आणि 'हात लावू नये' अशी पाटी आठवते. इथे उलटं आहे. इथे हात लावायचा, आत शिरायचं, फोटो काढायचे. तुम्ही उभे राहिल्याशिवाय ती वस्तू पूर्णच होत नाही. अशा नावाचं पहिलं म्युझियम २०१५ मध्ये क्रोएशियातल्या झाग्रेब शहरात सुरू झालं आणि मग जगभर पसरलं. आपल्या मुंबईतही फोर्टला पॅराडॉक्स म्युझियम आहे, त्याच जातकुळीतलं.

आत काय काय असतं? एका टेबलाच्या मधून डोकं वर काढलं की ताटात नुसतं मुंडकं ठेवल्यासारखं दिसतं. आरशांच्या एका खोलीत तुमच्यामागे तुम्ही, त्यामागे पुन्हा तुम्ही, आणि याला शेवटच नाही. एक बोगदा असतो. त्यातला पूल स्थिर असतो, फक्त भोवतीचं नळकांडं दिव्यांसकट फिरतं. तरी तुम्ही कठडा घट्ट धरता, कारण डोळे सांगतात 'आपण कलंडतोय' आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते 'छे, सरळच आहोत'. डोळे मिटले की सगळं शांत. भाचा त्यातून चार वेळा गेला. आजीला आम्ही नेलं नाही.

आजी तशी सगळीकडे मागेमागेच होती. एका बाकावर बसून म्हणाली, "तुम्ही बघा रे. मला कुठलं दिसायला!"

वाकडी खोली

मग आली ती खोली. तिला एम्स रूम म्हणतात. अ‍ॅडलबर्ट एम्स नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. आधी वकील, मग चित्रकार, आणि शेवटी डोळ्यांचे अभ्यासक. त्यांनी अशी खोली बांधली, म्हणून तिला त्यांचं नाव.

समोरून बघितलं तर ती साधी चौकोनी खोली वाटते. प्रत्यक्षात तिच्यात एकही गोष्ट सरळ नसते. मागची भिंत तिरकी, जमीन उतरती, छत कलतं. मागचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा खूप लांब असतो. पण सगळं अशा मापाने वाकवलेलं असतं की एका ठराविक जागेवरून ते चौकोनीच दिसावं. मग लांबच्या कोपऱ्यातला माणूस लांब न वाटता बुटका वाटतो आणि जवळचा राक्षसासारखा मोठा.

दादा लांबच्या कोपऱ्यात गेला, भाचा जवळच्या. जमिनीवर खूण केलेली असते, तिथून मी फोन धरला. फोनमध्ये मुलगा बापापेक्षा मोठा! वहिनी हसून हसून बेजार.

मी आजीला हाताला धरून खुणेपाशी आणलं. "आजी, ये, फोनमध्ये बघ."

आजी म्हणाली, "फोन कशाला? मला असाच दिसतोय की. तुझा दादा एवढुसा झालाय!"

मी फोन खाली घेतला आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं. गंमत दिसत होती, पण कुठेतरी शंका येत होती. दादा लांब आहे, हे आतून जाणवत होतं. मग मी डावा डोळा मिटला, आणि शंका गेली. खोली चौकोनी, दादा बुटका. अगदी फोनमध्ये दिसत होतं तसंच.

म्हणजे आजीला दिसत होतं तसंच.

तिथे मदतीला उभ्या असलेल्या मुलीला मी विचारलं. ती सहज म्हणाली, "दोन डोळे थोड्या वेगळ्या जागेवरून बघतात ना, त्यावरून मेंदूला अंतर कळतं. एक डोळा मिटला की तो हिशेब बंद. मग मेंदू अंदाज करतो, आणि इथे अंदाजच फसवलाय."

आजीने ते नीट ऐकून घेतलं. थोडा वेळ दादाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "अगं, मग माझा चहा कपाबाहेर जातो, तो यामुळेच ना? कप जिथे दिसतो तिथे तो नसतोच."

मी काहीच बोलू शकले नाही.

"म्हणजे मी वेंधळी नाही झाले," आजी म्हणाली. हे ती मला सांगत नव्हती, स्वतःलाच सांगत होती.

गंमत बघा, आपल्या मराठीत रूमही खोली आणि विहिरीची ती पण खोलीच. आजीची एक खोली हरवली होती, आणि ती आम्हाला दुसऱ्या खोलीत सापडली.

आता तुम्ही करून बघा

पेन हातात घ्या. एका हातात पेन, दुसऱ्या हातात टोपण. हात लांब करा, एक डोळा मिटा आणि टोपण बाजूने आणून एका झटक्यात पेनावर बसवा. बहुतेक चुकेल. दोन डोळ्यांनी हेच काम तुम्ही विचार न करता करता. आता कल्पना करा, गरम चहा आहे, ओल्या पायऱ्या आहेत, आणि घरातलं कुणीतरी मागून म्हणतंय, "लक्ष कुठे असतं तुझं?"

त्या खोलीने आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. खुणेवरून दोन पावलं बाजूला सरकलं की सगळी जादू मोडते. तिरकी भिंत तिरकी दिसते. म्हणजे एका डोळ्यालाही अंतर कळतं, फक्त जागा थोडी बदलावी लागते. आजी आता पायरी उतरण्याआधी थांबते आणि मान किंचित इकडेतिकडे हलवून बघते. चहा ओतताना गाळणं कपाच्या काठाला टेकवते. आम्ही जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली आणि ओट्यावर चांगला दिवा लावला. पांढऱ्या ओट्यावर पांढरे कप होते, ते बदलून गडद रंगाचे आणले. खर्च फारसा नाही. चहा अजूनही सांडतो कधीकधी. पण आता फडकं मी आणते, आणि ते वाक्य बोलत नाही.

एक महत्त्वाचं सांगते. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत गोंधळ करू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बहुतेकांना पुन्हा नीट दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली फक्त सांभाळता येते. त्यात बहुधा आधी कडेची नजर जाते, तीही न दुखता, म्हणून लवकर कळत नाही. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर त्याआधीच. आमच्या बाबांची तपासणी आम्ही परतल्यावर त्याच आठवड्यात केली.

जाणार असाल तर

अशा ठिकाणी पावसात गर्दी असते, त्यामुळे शक्यतो सुट्टीचा दिवस टाळा आणि सकाळी लवकर जा. फोन पूर्ण चार्ज करा, त्यात जागा रिकामी ठेवा. ओली छत्री ठेवायला एक प्लास्टिकची पिशवी घ्या, गुळगुळीत फरशीवर पाणी ठिबकलं की घसरायला होतं.

फोटो जमिनीवरच्या खुणेवरूनच काढा, एक पाऊल चुकलं तरी गंमत जाते. फिरत्या बोगद्यात चक्कर येणाऱ्यांनी, फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी जाऊ नये.

मुलांना प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारा, "हे कसं झालं असेल?" उत्तर चुकलं तरी चालेल. आणि घरात जी व्यक्ती नेहमी फोटो काढते, तिला एकदा तरी समोर उभं करा.

सगळ्यात शेवटी, 'त्यांना काय कळणार' म्हणून म्हाताऱ्या माणसांना बाकावर बसवून ठेवू नका. हात धरून खुणेपर्यंत न्या.

निघायच्या आधी आम्ही आजीला त्या खोलीच्या जवळच्या कोपऱ्यात उभं केलं आणि सहा फुटांचा दादा पुन्हा लांबच्या कोपऱ्यात गेला. आजीने विचारलं, "हात कुठे धरू?" मी खुणेवरून सांगत गेले, "थोडा वर... आता उजवीकडे... हां, बस!" फोटोत दादा आजीच्या तळहातावर उभा आहे.

घरी आल्यावर मी त्याची प्रिंट काढली आणि अल्बममध्ये बॅलन्सिंग रॉकच्या शेजारी लावली. आजी रोज उजव्या डोळ्यात थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून बसते. परवा तशीच बसलेली असताना म्हणाली, "तुझ्या आजोबांनीही असंच सांगितलं होतं. थोडा वर, आता उजवीकडे."