घरं उरली, नावं?

गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी दोन महिने चेक प्रजासत्ताकात, ब्रनोला होतो. वीकेंड आला की टीममधले सगळे प्रागला पळायचे. मीही एकदा गेलो, पण एका शनिवारी एकटाच त्रेबीचला गेलो (या नावाचा खरा उच्चार मला शेवटपर्यंत जमला नाही!). ब्रनोहून ट्रेनने साधारण तासा-सव्वा तासाचं अंतर. तिथली जुनी ज्यू वस्ती, त्यांची दफनभूमी आणि जवळची सेंट प्रोकोपियसची बॅसिलिका 2003 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

नदी आणि टेकडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत शंभराहून जास्त घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. जागा कमी नि माणसं जास्त, म्हणून एकाच घराचे भाग वेगवेगळ्या मालकांचे असायचे. आपल्या फ्लॅट सिस्टीमचे पूर्वजच म्हणा ना! दोन सिनेगॉग आहेत. टेकडीपलीकडे दफनभूमी, त्यात हिब्रू अक्षरांचे हजारो दगड.

ही वस्ती वाचली कशी? कुणी प्रेमाने जपली म्हणून नव्हे. 1848 नंतर ज्यूंना हवं तिथे राहायची मुभा मिळाली, तसे ऐपतवाले बाहेर पडले आणि त्यांच्या जागी गरीब ख्रिस्ती कुटुंबं आली. अशा ठिकाणी पाडून नवं बांधायला पैसा कोण घालणार? मग 1942 मध्ये नाझींनी उरलेल्या ज्यूंना तेरेझीनला आणि तिथून पुढे मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवलं. परत आले ते अगदी मोजके. पुढे कम्युनिस्ट काळात वस्ती पाडून टाकायचा बेत होता, तोही तडीस गेला नाही. गोदाम झालेलं एक सिनेगॉग 1990च्या दशकात दुरुस्त झालं. आता तिथे प्रदर्शन आहे, मैफली होतात.

मैफलींना, कॅफेंना माझा अजिबात विरोध नाही. राबता नसलेली वास्तू टिकत नाही, हे कोकणात बंद घर असलेल्या कुणालाही विचारा. मला खटकलं ते वेगळंच. मी तिथे तीन तास फिरलो, कॉफी प्यालो, ढीगभर फोटो काढले. परतीच्या ट्रेनमध्ये लक्षात आलं, की इथे राहणाऱ्या एकाही माणसाचं नाव मला सांगता येणार नाही. दोष माझाच, मी शोधलंच नव्हतं. पण नावं शोधावी का लागावीत?

प्रागच्या पिंकस सिनेगॉगमध्ये शोधावी लागत नाहीत. बोहेमिया आणि मोराव्हियातल्या जवळजवळ 80,000 मृतांची नावं तिथे भिंतींवर हाताने लिहिली आहेत. 1950च्या दशकात ती पहिल्यांदा लिहिली. 1968 मध्ये ओलीमुळे वास्तू बंद झाली आणि पुढे गिलाव्याबरोबर नावंही गेली. 1992 ते 1996 या काळात ती सगळी पुन्हा लिहिली! आमच्या धंद्यातला कुणीही म्हणेल, यादी होती ना, मग एवढा खटाटोप कशाला? पण यादी कपाटात असणं आणि नाव डोळ्यांसमोर असणं यात फरक आहे.

माझं म्हणणं एवढंच: अशा वस्त्या दुरुस्त करताना छप्पर आणि रंगाइतकाच खर्च नावांवर व्हावा. तोही संग्रहालयात तिकिटामागे नको, ज्याच्या त्याच्या दाराशी हवा. एका मित्राचा यावर सवाल होता, "आज तिथे राहणाऱ्यांनी काय पाप केलंय? रोज दार उघडलं की मेलेल्यांची नावं कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण नाव लावणं म्हणजे आरोप करणं नव्हे. आपल्या आधी इथे कोण राहत होतं, एवढंच ते सांगतं.

मला अलिबागची इस्रायल आळी आठवली. तिथले बेने इस्रायली 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, पण आपल्या मर्जीने. म्हणून ही तुलना बरोबरीची नाही. पण किहीमकर, पेणकर ही आडनावं घेऊन गेले, म्हणजे गाव बरोबर घेऊनच गेले. त्रेबीचच्या माणसांना तेवढंही करता आलं नाही. त्यांची नावं आता घरांनीच सांभाळायला हवीत.

असो. पुन्हा कधी असं गाव बघायला गेलो, तर निघण्याआधी तिथल्या एका तरी माणसाचं नाव शोधून ठेवीन. फोटो नंतर.